अर्धा ग्लास पाणी

साहेब काल सातव्यांदा मतं मागायला आमच्या करावे गावात आले. औक्षणासाठी वात पेटवली, तेलाचा वास आला आणि त्यांची पहिली निवडणूक आठवली. तेव्हा ते घामाघूम होऊन पायीच आले होते. औक्षण झाल्यावर त्यांनी पाणी मागितलं. आईने अर्धाच ग्लास दिला.

"टँकर दोन दिसांनी येतो, भाऊ. पानी इतकंच हाय," ती ओशाळून म्हणाली.

त्यांनी थेंबही न सांडता ग्लास रिकामा केला. "वयनी, पुढच्या टायमाला नळाचं पिईन, भरून."

त्या शब्दावर आमच्या घराने सहा वेळा मतं दिली. नळ आला, तो आई गेल्यावर.

काल मी भरलेला ग्लास पुढे केला. साहेबांनी हसून स्वतःची बाटली दाखवली.

तेव्हा ते आम्हाला आपले वाटले होते. आता वाटतं, त्यांना फक्त तहान लागली होती.