लाकडी फळ्यांवरचे दणका सर

१२ जूनला, महिना नऊ हजार चारशे रुपयांवर, दणका सर आमच्या शाळेत रुजू झाले. संगीताच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर होत्या. 'दणका' हे नाव मुलांनी पहिल्याच तासानंतर ठेवलं. खांद्यापर्यंत केस, आणि वीस वर्षं हॉटेलांत रॉक बँडबरोबर गिटार वाजवलेली. बँड फुटला, साथीदार पांगले. "संमेलन गाजलं की मुख्याध्यापिका मला कायम ठेवतील," असं ते मला सांगत. वाजवायला सोबत हवी, एवढंच त्यांचं मागणं होतं.

मी शाळेचा हिशेबनीस. माझ्या खोलीला लागूनच त्यांचा वर्ग. पूर्वीचं कोठार, लाकडी फळ्यांची जमीन. तिथे मुलांना ते बूट काढायला लावत.

"रॉक कानातून नाही, तळपायातून चढतो!"

"सर, मोज्यांचा वास चढतोय," मागून कोणीतरी म्हणे.

सातवीतली एक मुलगी वर्गात तोंडच उघडत नसे. तिला त्यांनी पुढे उभं केलं. "बोलू नकोस. चार वेळा टाच आपट, की आम्ही सुरू." एकदा तिने टाच न आपटता, मान खाली घालून हळूच "एक, दोन, तीन, चार" म्हटलं. मुलांनी सुरुवात केली, सर तसेच उभे. तिला कळलं. तिने बाकीच्यांना सांगितलं, आणि त्या दिवसापासून सगळा वर्ग पाय आपटून वाजवू लागला. मोठ्यांपैकी कोणाला एका शब्दाने कळू दिलं नाही.

मला कळलं ते त्यांच्या पत्नीकडून. डबा द्यायला आल्या होत्या. मी सरांना पाठीमागून तीन हाका मारल्या, ते वळले नाहीत, तेव्हा पत्नीचा चेहरा उतरला.

"भाऊ, कुठे बोलू नका. नोकरी जाईल. मोठमोठ्या स्पीकरांशेजारी उभं राहून कान गेले त्यांचे. मलाच दोन वर्षं पत्ता नव्हता. म्हटलं, नवरा आहे, ऐकत नसणारच."

त्या हसल्या आणि लगेच पदराने डोळे पुसले.

संमेलनाच्या दिवशी एक गोष्ट कोणाच्याच लक्षात आली नाही. सभागृहाचं व्यासपीठ सिमेंटचं होतं, वर जाड गालिचा. सगळा सराव फळ्यांवर झालेला. सुरुवात छान झाली, कारण सरांची नजर मुलीच्या टाचेवर होती. मग रंगात येऊन त्यांनी डोळे मिटले. गाणं संपलं, मुलांचे हात थांबले. सर वाजवतच राहिले. मुलीने जीव खाऊन पाय आपटले, ते गालिच्याने गिळले. लोकांना वाटलं, विनोदी प्रवेश आहे. सभागृह हसून लोटपोट झालं.

मुलगी मुलांकडे वळली आणि तिने हात उंचावला. सर गाण्यात जिथे होते तिथून मुलांनी पुन्हा वाजवायला घेऊन त्यांना गाठलं. सरांनी डोळे उघडले तेव्हा सगळे वाजवत होते. तिने हात खाली आणला, सगळे एकदम थांबले.

"पाहिलंत? लोक उठून उभे राहिले!" घामाघूम सर मला म्हणाले. मी मान डोलावली.

मुख्याध्यापिका पहिल्या रांगेत होत्या. दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन त्यांनी सरांना पाठीमागून हाक मारली. दोनदा. मग समोर येऊन सावकाश म्हणाल्या, "सर, आगीची घंटा वाजली तर या तीस मुलांना बाहेर कोण काढणार?"

सर भांडले नाहीत. गिटार पिशवीत घातली आणि मुलीसमोर वाकले.

"खरं सांग. काल आपलं गाणं नीट संपलं ना?"

न बोलणारी ती मुलगी, त्यांना ओठ वाचता यावेत म्हणून एकेक शब्द सुटा करून बोलली. "हो सर. तुमच्याबरोबरच संपलं."

त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि गेले. त्यानंतर ते कुठेही वाजवत नाहीत, असं त्यांच्या पत्नी सांगतात.

माझ्या हिशेबाच्या वहीत त्या संमेलनाची एकच नोंद उरली आहे: स्पीकर भाड्याने देणाऱ्या दुकानदाराचे दोनशे साठ रुपये शाळेकडून अजून द्यायचे आहेत.