तीन लॅपटॉप आणि साहेबांचा मेहुणा

एका कंपनीत बारा-तेरा वर्षं काढली की किस्से आपोआप साचतात. कोणी मागत नाही, पण टाकूनही देववत नाहीत. सणसवाडीच्या आमच्या कंपनीतले बरेचसे मी हसत हसत सांगते. हे लॅपटॉपचे तेवढे हसत सुरू करते, पुढं जमत नाही.

दोन हजार सहा-सात साल असेल. गोडाऊनमधला स्टॉक जागेवरच कॉम्प्युटरवर चढवायचा म्हणून कंपनीनं वायरलेस बसवलं. डीलरनं सॅम्पल म्हणून तीन लॅपटॉप पाठवले. स्क्रीन कसा आहे, रेंज कुठवर मिळते, तापतो किती, हे बघून एक पसंत करायचा. बघणार आम्ही तिघं. कॉम्प्युटर विभागाचे जगताप साहेब, स्टोअरकीपर मोरे मामा आणि साहेबांच्या हाताखाली डेटा एंट्री करणारी मी. साहेब आणि मामा दोघंही इनामगावचे. वीस वर्षं कंपनीच्या बसमध्ये एकाच सीटवर बसून आलेले!

•

तापण्याची टेस्ट मामांकडे होती. मामांच्या घरी पूर्वी मेंढरं. त्यांनी एकेक लॅपटॉप तासभर मांडीवर घेतला.

"मामा, रिपोर्टात काय लिहू?"

"लिही, पयला कोकरावानी ऊबदार हाय. दुसरा ताप आलेल्या कोकरावानी."

"आणि तिसरा?"

"त्याच्यावर भाकर टाक!"

•

रेंज बघायला साहेब लॅपटॉप हातावर उघडा धरून चालायचे आणि मी शेजारून पावलं मोजायची. काळ्या लॅपटॉपची रेंज प्रेस शॉपची शेड ओलांडली की जायची. चंदेरी मात्र थेट गेटपर्यंत आला. गेटवर यूपीचा वॉचमन आडवा झाला.

"साहब, गेटपास?"

"अरे, रेंज चेक कर रहा हूँ!"

"तो रेंज का गेटपास दिखाइए!"

आम्ही पोट धरून हसलो. परत येताना साहेब पाण्याच्या पाइपला अडखळून पडले. लॅपटॉप वाचवला, गुडघा फुटला.

"तुझ्याशी बोलायच्या नादात बघ," कपडे झटकत ते म्हणाले.

मी तर तेव्हा एक शब्दही बोलत नव्हते.

•

स्क्रीन साहेब स्वतः बघणार होते. तिन्ही लॅपटॉपना त्यांनी एकच शेरा दिला, "अंधुक. नापसंत." डीलरनं दुसरे तीन पाठवले. तेही अंधुक! मला तर त्यातल्या फोटोत फुलावरचं दव दिसत होतं.

कॅन्टीनमध्ये सगळे विचारायला लागले, साहेबांना पसंत का पडेना? मी पटकन बोलून गेले, "दौंडला मेहुण्याचं लॅपटॉपचं दुकान असेल त्यांच्या!"

अख्खं टेबल हसलं. दौंडच का म्हटलं, देव जाणे. साहेबांना मेहुणा आहे की नाही, हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं.

•

चार दिवसांनी मॅनेजरांनी साहेबांना बोलावलं. फाइल घेऊन मीही आत होते.

"जगताप, तुमचे मेहुणे दौंडला असतात का?"

साहेब एकदम खूश! "हो सर! ओळखता तुम्ही त्यांना? रेल्वेत आहेत."

रेल्वेतलं मॅनेजरांनी ऐकलंच नाही. "लॅपटॉपचं आता मी बघतो," म्हणाले, आणि फाइल माझ्या हातातून घेतली. दुपारी कोणीतरी साहेबांना कॅन्टीनमधली दुकानाची बातमी सांगितली. त्या संध्याकाळी बसमध्ये ते एकटेच पुढच्या सीटवर जाऊन बसले. मामा मागं बाजूची जागा धरून होते.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. नाही बोलले.

•

आठवड्याभरानं साहेबांनी मला टेबलाशी बोलावलं. चंदेरी लॅपटॉप समोर उघडा होता.

"सुनंदा, ह्याच्यावर काय लिहिलंय, वाच बरं."

"साहेब... काहीच नाही लिहिलेलं. स्क्रीन बंद आहे."

त्यांनी चाचपून लॅपटॉप मिटला. मग हळू आवाजात म्हणाले, "शुगरनं डोळे गेले गं. पुण्याचे डॉक्टर म्हणतात, उशीर झाला. पोरीचं लग्न होईस्तोवर नोकरी टिकावी, म्हणून कोणाला बोललो नाही."

मॅनेजरांना त्यांनी त्याच दिवशी सगळं सांगितलं. स्क्रीनचा रिपोर्ट मग मी लिहिला. सही जिथं करायची, तिथं मी त्यांचं बोट टेकवलं. महिनाअखेर त्यांनी नोकरी सोडली. निरोपाला मामा हार घेऊन आले होते. साहेबांनी बाकी सगळ्यांचे हार घेतले, मामांचा आवाज आला तशी मान फिरवली.

मला वाटलं, डोळ्यांमुळं त्यांचं मन थाऱ्यावर नसेल.

•

दोन वर्षांनी मी इनामगावला गेले. दौंडच्या दुकानाची गोष्ट त्यांना सांगायची राहिली होती. साहेब ओट्यावर बसलेले. मी नुसतं "साहेब" म्हटलं, तर म्हणाले, "ये सुनंदा."

चहा यायच्या आधीच मी एका दमात सांगून टाकलं. कॅन्टीन, मेहुणा, दुकान, सगळं.

"तू?" साहेबांनी मान वर केली. "माझा मेहुणा दौंडला हाय, हे कंपनीत एकट्या मोऱ्याला ठाव होतं."

"मी उगाच बोलले होते हो. मला खरंच माहीत नव्हतं."

साहेबांच्या मिसेस, काकू, चहा घेऊन दारातच थांबल्या होत्या. म्हणाल्या, "मोरे भावजी रोज सांजच्याला दारापोतर यायचे. हे आतनं मला सांगायचे, झोपलोय म्हण. वरीसभर आले बिचारे. दिवाळीपासनं येईनात."

चहा तसाच राहिला. साहेब उठले आणि पायानं चपला चाचपू लागले. मी त्या पुढं सरकवल्या.

"चार घरं सोडून त्याचं घर हाय," ते म्हणाले. "डोळे गेल्यापासनं मी कवा एकटा गेलो न्हाई. हात धर माझा, पोरी."