वर्गात पापड वाळवायचे होते
विजू गेल्याचा फोन आला तेव्हा मी संभाजीनगरहून फुलंब्रीला निघालेल्या एसटीत होते. रडू आलं नाही. खरं सांगते, पहिला विचार आला तो हा, की हिच्या अंत्ययात्रेला अख्खं गाव लोटणार... लोटलंच. मी मागं उभी राहून, यातले माझ्या वेळी कितीजण येतील, ते मनात मोजत होते. मेलेल्या मैत्रिणीवर कुणी जळतं का? मी जळत होते.

फुलंब्रीजवळच्या या शाळेत आम्ही दोघी एकाच दिवशी रुजू झालो, पत्र्याच्या चार खोल्यांत. ती गणिताची, मी इंग्रजीची. पुढं ती मुख्याध्यापिका झाली, मी आपली इंग्रजीचीच राहिले. एकदा तिनं नव्या शाळेसाठी मदत मागणारं पत्र परदेशातल्या एका संस्थेला लिहिलं. ‘शैला, जरा तपासून दे गं,’ म्हणाली. मी वेळ नाही म्हणून टाळलं. तिनं चुकांसकट तसंच धाडून दिलं, आणि मदत मंजूर! दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही.

मग तिकडून इमारतीचा नकाशा आला. दक्षिणेला, पश्चिमेला भिंतभर काचा. त्यांच्याकडं ऊन म्हणजे कधीमधी येणारा पाहुणा, आपल्याकडं तो घरजावई! सगळे शिक्षक वाहवा करत होते. माझ्याच्यानं राहवेना. ‘झकास,’ म्हटलं, ‘उन्हाळ्यात शिकवणं बंद करू आणि वर्गात पापड वाळत घालू.’ सगळे हसले. विजू तेवढी हसली नाही. तिनं नकाशा फिरवून पुन्हा पाहिला.

त्यानंतर महिनाभर तिची त्या लोकांशी हुज्जत चालली. मंजूर नकाशा बदलला तर काम अडेल, असं ते लिहीत. पोरं भाजतील, असं ही लिहायची. शेवटी काचा गेल्या, खिडक्या उत्तरेला आल्या आणि पश्चिमेला जाड दगडी भिंत उभी राहिली. उद्घाटनाला माइकवर ती म्हणाली, ‘ह्या खिडक्यांमागचं डोकं आमच्या शैलाबाईंचं!’ टाळ्याच टाळ्या... मला तोंड कुठं लपवू असं झालं. पुढं जो येईल त्याला ती हेच ऐकवायची, आणि मी चरफडायचे. माझ्या टोमण्याचंसुद्धा हिनं सोनं करावं? आणि तो टोमणा होता, हे हिला कळलं तरी होतं का?

दवाखान्यात शेवटचं भेटले, तेव्हा मी उगाच तिची चादर सारखी करत होते. तीच हळूच म्हणाली, ‘काय गं, वाळले का पापड?’

म्हणजे सगळं माहीत होतं हिला!

‘विजू, मी तेव्हा...’

‘गप गं. टोमणा असला म्हणून काय झालं, खरा होता ना?’

आता नवी नेमणूक होईपर्यंत तिच्या खुर्चीत मी बसते. हीच तर हवी होती मला. परवा एक मेंढपाळ पोरीचं नाव घालायला आला. बाहेर ऊन मी म्हणत होतं. पटका काढून बसला आणि म्हणाला, ‘लई गार हाय की हितं, बाई.’ मी सवयीनं थांबले... आता विजू माझं नाव घेणार. कुणीच बोललं नाही. मग मीच म्हणाले, ‘विजयाबाईंनी बांधलीय शाळा. त्यांच्यामुळं गार आहे.’ आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले.

‘व्हय, ठाव हाय की समद्यांला,’ तो म्हणाला.

मला तिचा हेवा वाटला, नेहमीसारखाच. या वेळी मात्र रडूही आलं.