काकूंचं मनगट

सिस्टर यायच्या आधी काकूंनी पूर्ण बाह्यांचा स्वेटर चढवला, तोही भर उकाड्यात. सुजलेलं मनगट झाकायचं होतं.

लकव्याने काका अंथरुणाला खिळल्यापासून त्यांचं सगळं काकूच करत. परवा त्यांची कूस बदलताना मनगटात कट्‌कन आवाज झाला. आणि धाकट्या दिरांनी तर आधीच बजावून ठेवलेलं, "वहिनी, तुमचे हात चालताहेत तोवर ठीक. मग दादाला संस्थेत ठेवायचं. ठरलं!" जणू जुनं कपाट हलवायचं होतं.

आरोग्य केंद्राची सिस्टर दारातूनच सुरू झाली. "काय म्हणतात आमचे काका? जेवण? झोप? पोट साफ?"

"सगळं झकास!"

"पाठ बघू. वळवा बरं त्यांना."

काकू पलंगाशी वाकल्या. डावा हात काकांच्या खांद्याखाली, उजवा नुसता दाखवण्यापुरता. काका अर्धे वळले आणि परत उताणे.

"आज दोन घास जास्त झालेत त्यांना," काकू ओढूनताणून हसल्या.

आजारपणानंतर काकांकडे एकच शब्द उरला होता, 'चला'. भूक लागली तरी चला, राग आला तरी चला. त्यांनी चालत्या हाताने काकूंची बाही धरली आणि कोपरापर्यंत सारली.

"चला!" ते सिस्टरवर ओरडले.

"अहो! फितूर कुठले!" काकूंचे डोळे भरले. "सिस्टर, भाऊजींना सांगू नका हो. यांना नेतील."

सिस्टर पलंगाच्या कडेला बसली. पहिल्यांदाच तिचा आवाज खाली आला. "इतके दिवस येतेय, काकू, पण तुम्ही कशा आहात हे कधी विचारलंच नाही मी." तिने तिथूनच केंद्रातल्या डॉक्टरांना फोन लावला.

"एक्स-रे आजच," डॉक्टर म्हणाले. "हात बरा होईपर्यंत आपल्या मदतनीस बाई रोज सकाळी जातील. दिरांशी तू बोल. काकांना घरातून हलवायची काही गरज नाही म्हणावं."

सिस्टर बोलली. दीर "बघू" एवढंच म्हणाले. त्या 'बघू'ने रात्रभर काकूंच्या डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळी मदतनीस बाई आल्या. काकांखाली घडीची चादर सरकवून त्यांनी एका ओढीत त्यांना कुशीवर घेतलं. प्लास्टरमधला हात सांभाळत काकू दारातून म्हणाल्या, "गुडघ्यांमध्ये उशी द्या हं. आणि हळू!"

"तुम्ही बसा हो जरा."

काकू बसल्या. खुर्चीच्या अगदी कडेवर, फोनशेजारी.