टेबलावर न फिरलेला कागद

प्रयोगशाळेत तिला सगळे माशीबाई म्हणत आणि तिला त्याचा राग नव्हता. फळांवर घोंघावणाऱ्या त्या बारीक माश्या, एकही निसटू न देता, या बाटलीतून त्या बाटलीत सव्वीस वर्षं हलवत राहायच्या म्हणजे काही खायचं काम नाही.

कोणता प्रयोग करायचा ते सोमवारच्या बैठकीत ठरे. कुणी नवं काही मांडलं की म्हातारे सर विचारत, "उत्तर 'हो' आलं तर पुढे काय कराल? आणि 'नाही' आलं तर?" दोन्हीकडे पुढचं पाऊल एकच असलं की प्रयोग बाद. मात्र टोपलीत टाकण्याआधी तो कागद टेबलाभोवती फिरे, थेट माशीबाईपर्यंत. "याच्यावाचून कुणाचं अडतंय का?" सर प्रत्येकाला विचारत. बाटल्यांना बुरशी का धरते, हे कळल्यावाचून इतर कुणाचं अडत नव्हतं, तिचं अडत होतं. तिच्या एका शब्दावर तो प्रयोग झाला.

हा नियम तिने घरीही लावला. नणंद रुसली आहे का, हे फोन करून विचारायचं? रुसली असली तरी तिच्याकडे जायचंच, नसली तरी जायचंच. मग फोन कशाला? नवरा कोपरापासून हात जोडी.

पन्नाशीत तिच्या आईचे हातपाय आपोआप नाचू लागले होते. सहा वर्षांत ती गेली. माशीबाई सेहेचाळीसची झाली तेव्हा डॉक्टरांनी रक्त तपासायची चिठ्ठी दिली. आजार आईबापांकडून मुलांत उतरतो, तुमच्यात आहे का ते कळेल. औषध मात्र नाही, म्हणाले. बसस्टॉपवर उभ्याउभ्याच तिने ठरवलं. 'हो' आलं तरी उद्या माश्या हलवायच्या, 'नाही' आलं तरी हलवायच्या. चिठ्ठी तिथल्याच कचऱ्यात गेली. खरं म्हणजे ती भयंकर घाबरली होती. पण नियम हाताशी असला की भीतीच्या अंगातही शहाणपणाचा सदरा चढवता येतो.

चार वर्षांनी तिच्या हातून एक बाटली सुटली. मग आठवड्याभरात तीन. खोलीभर माश्या झाल्या. ते ऐकून लेक धावत आली. लेकीचं तीन वर्षांचं पोर तिच्याच मांडीवर झोपलं होतं.

"आई, आजीचंच आहे ना हे? तुला माहीत होतं?"

"तपासा म्हणाले होते. नाही केलं. त्याने काय बदललं असतं गं?"

"तुझं काही नसतं बदललं." पोर उठू नये म्हणून लेक हळू बोलत होती. "चार वर्षांपूर्वी आम्ही मूल होऊ द्यायचं की नाही ते ठरवत होतो. मला एकदा विचारायचंस तरी."

सव्वीस वर्षं प्रत्येक कागद माशीबाईपर्यंत फिरून येत होता. तिचा एकच कागद, आणि तो तिने एकटीने फेकला होता.

"उद्याच करते," ती म्हणाली.

पोराच्या डोक्यावरून एकदा हात फिरवावा असं माशीबाईला फार वाटलं. पण हात जागेवर राहत नव्हते, आणि त्याची झोप मोडली असती.