नाव कोरलेला गंज

ज्वारीच्या कण्या शिजवायच्या हंड्याला तळाशी खरवड धरते. रोज घासा, रोज धरते. आमच्या अन्नकेंद्राच्या आठवणींचं तसंच आहे. आम्ही जुने लोक कुठं भेटलो की एक जण काहीतरी सांगतो, दुसरा म्हणतो, "हे तं काईच नाई," आणि मग संध्याकाळ जाते. ऐकणाऱ्याला वाटतं, म्हातारे मजा करून राह्यले. मजा कसली डोंबलाची! लोक उपाशी होते आणि आम्ही ओगराळं घेऊन समोर उभे होतो. पण हसू यायचं तेव्हा यायचंच, त्याला काय करता?

तेव्हा आपला वर्धा जिल्हा मध्यप्रदेशात होता. हुकूम नागपुरातून यायचे आणि हिंदीत यायचे. लागोपाठ दोन वर्षं ज्वारी बुडाली, कापसानंही दगा दिला, म्हणून सिंदी स्टेशनाजवळ सरकी काढायच्या एका जिनाच्या रिकाम्या शेडमध्ये केंद्र उघडलं. मॅनेजर नामदेवराव उमाटे, रांधायला सखूबाई आणि कार्डं लिहायला मी. मला सगळे बाबू म्हणत.

*

नोकरीसाठी गेलो तेव्हा नामदेवरावांनी माझी सर्टिफिकिटं उघडूनही पाहिली नाहीत. चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "भूक लागल्यावर काय करता?"

हा काय प्रश्न झाला? मी म्हटलं, "जेवतो."

"मंग कठीण आहे. इथं भूक लागल्यावर वाढा लागते."

तरी नोकरी मिळाली, कारण लिहिता येणारा दुसरा कोणी आलाच नव्हता. पहिल्या दिवशी त्यांनी दोन रूल सांगितले. केंद्रातल्या माणसानं किंवा त्याच्या घरच्यानं हंड्यातला एक घास खायचा नाही. आणि कार्डावर जेवढी तोंडं, तेवढीच ओगराळी. वर थेंब नाही. पहिल्याला जास्त गेलं की शेवटच्याला हंडा खरवडून द्यावा लागतो, असं त्यांचं म्हणणं. सख्खा भाऊ रांगेत आला तरी हात वळायचा नाही त्यांचा. लोक मागं कंजूस म्हणत. मीही म्हणायचो, खोटं कशाला बोलू?

*

कार्डावर एक रकाना होता, नवऱ्याच्या नावाचा. नागपूरच्या साहेबानं तो छापताना आपल्या बायकोला विचारलं नसावं. कारण आमच्याकडं बाई जीव देईल, पण नवऱ्याचं नाव घेणार नाही. मी विचारलं की ती पदर दातात धरायची आणि मागच्या बाईकडं बघायची. मग मागचीनं नाव सांगायचं. मागचीचं नाव तिच्या मागचीनं. अशी ती रांग पुढं सरकायची.

यात माझा फार वेळ जायचा, म्हणून मी एक अक्कल चालवली. कण्या घरी न्यायला बायका पितळी गंज, म्हणजे आपलं पातेलं, आणत. लग्नातल्या भांड्यावर नवऱ्याचं नाव कोरलेलं असतंच. मी विचारणं सोडलं आणि भांडी वाचायला लागलो. दोन दिवसांत दीडशे कार्डं! स्वतःवर एवढा खूश मी पुन्हा कधी झालो नाही.

चौथ्या दिवशी गावातले एक मोठे शेठजी तणतणत आले. त्यांच्या घरी धुणीभांडी करणारी बाई त्यांचाच गंज मागून घेऊन आली होती, आणि मी तिला कार्डावर शेठाणी करून टाकलं होतं. शेठजींची बायको कण्या न्यायला येते, असं गावभर झालं होतं.

नामदेवरावांनी हात जोडले. "शेठजी, गंज तुमचा, भूक तिची. बाबूनं दोन्ही एकाच वळीत लिहून टाकलं."

शेठजींनी गंज परत नेला. दुसऱ्या दिवसापासून ती बाई मडकं आणायला लागली. मडक्यावर कोणाचं नाव नसतं.

*

मग पुन्हा मागच्या बाईचा रिवाज सुरू झाला. आणि एक दिवस तोही अडला.

पुढं चंद्रभागा, मागं गिरजा. दोघी एकाच गल्लीत वीस वर्षं नांदलेल्या, पण आदल्या दिवशी विहिरीवर दोराच्या पायी जुंपली होती. मी गिरजाला नाव विचारलं. ती म्हणाली, "मले नाई माहीत." चंद्रभागेचा नवरा गिरणीत काम मिळतं का बघायला हिंगणघाटला गेलेला. ती रिकामा गंज घेऊन निघून गेली. कार्डाशिवाय वाढायचं नाही, म्हणून मीही तिला थांबवलं नाही.

दुसऱ्या दिवशी गिरजा सगळ्यांच्या आधी हजर! रात्रभर शेजारच्या घरात पोरं रडत होती, आणि भिंत एकच. स्वतःचा पहिला नंबर सोडून ती चंद्रभागेच्या मागं जाऊन उभी राहिली आणि मी विचारायच्या आधीच नाव सांगून मोकळी झाली. नुसतं नाव नाही, सासऱ्याचं, आजेसासऱ्याचंही सांगितलं.

नामदेवरावांना हे कळलं तेव्हा त्यांनी मला जे झापलं, ते इथं सांगत नाही. शेवटी म्हणाले, "नाव नसंन तं माहं नाव टाका, बाबू. पण बाई उपाशी धाडू नका."

मला वाटलं, रागात बोलले. पण तो तिसरा रूल झाला.

*

वर्षभरात रजिस्टरात नामदेवरावांच्या चार बायका झाल्या. एक टाकलेली, एक परगावातून पायी आलेली, एक जिला काही बोलताच येत नव्हतं, आणि एक म्हातारी जिला नवऱ्याचं नाव खरंच आठवत नव्हतं. सखूबाई त्यांना पहिली, दुसरी, तिसरी, चौथी अशाच हाका मारायची. म्हातारी चौथी. ती लाजायची सुद्धा.

नागपूरचे साहेब इन्स्पेक्शनला आले. पानं उलटता उलटता त्यांचं बोट थांबलं. "मॅनेजर साब, ये क्या है? एक आदमी की चार औरतें?"

नामदेवराव शांतपणे म्हणाले, "साहेब, दुष्काळात संसार वाढते."

साहेब हसले नाहीत. लाल शाईनं शेरा मारून गेले. नामदेवरावांची बढती व्हायची होती, ती त्या शेऱ्याखाली कुठं गेली ते आजवर सापडलेलं नाही.

*

बोरच्या जंगलाकडून एक गोंड म्हातारा यायचा. मराठी त्याला मोडकीतोडकी यायची. रोज येताना डोक्यावर लाकडाची मोळी. चुलीपाशी टाकायचा आणि मगच भांडं पुढं करायचा. फुकट घ्यायला तयार नाही, आणि अन्नाच्या बदल्यात काही घ्यायचं नाही असा आमचा हुकूम. बरेच दिवस वाद झाला. शेवटी नामदेवराव म्हणाले, "तू मोळी टाकत जा, आमी पाहात नाई." आणि मोळी पडली की खरंच तोंड फिरवायचे.

एकदा म्हातारा तापानं फणफणलेला, रिकाम्या डोक्यानं आला. कण्या घ्यायला नकोच म्हणत होता. सखूबाईनं दटावून वाढल्या. त्यानंतर चार दिवस त्याचा पत्ता नाही.

पाचव्या दिवशी त्याची बायको आली. एक लहानशी मोळी चुलीपाशी ठेवली आणि गोंडीत काहीतरी बोलली. आम्हाला कोणालाच ते समजलं नाही. सखूबाईनं भांड्यासाठी हात पुढं केला, तर तिच्याजवळ भांडंच नव्हतं. तिचं कपाळ रिकामं होतं. ती वळली आणि गेली.

त्या दिवशी नामदेवरावांना तोंड फिरवायचं सुचलं नाही.

*

एका पावसाळ्यात आमच्या धान्याची वॅगन कुठंतरी अडकली. पहिल्या दिवशी कण्या पातळ झाल्या, दुसऱ्या दिवशी पाणी झाल्या. तिसऱ्या दिवशी काय सांगायचं, या विचारानं मी सकाळी मुद्दामच उशिरा गेलो. बघतो तर जातं फिरत होतं! नामदेवराव म्हणाले, सरकारी डिपोतून आली ज्वारी. पण डिपोची ज्वारी खड्यांची आणि किडकी असायची. ही निवडलेली, पांढरी शुभ्र. रांगेतले लोक म्हणाले, आज कण्या घरच्यासारख्या लागल्या.

जात्याजवळ एक मोठा पितळी गंज पालथा पडला होता. सखूबाईला अक्षर येत नव्हतं. तिनं विचारलं, "बाबू, यावर काय लिवलं आहे जी?"

मी वाचलं. नामदेव गणपत उमाटे.

"भांडेवाल्याचं नाव आहे," मी म्हटलं.

असं त्या पावसाळ्यात तीनदा झालं. पगारावर बाजारात किती ज्वारी यायची ते मला माहीत होतं, कारण माझाही पगार तसाच होता. पण नामदेवरावांच्या घरी बायको आणि तीन लहान लेकरं होती, मी एकटा. विचारायला पाहिजे होतं. नाही विचारलं. आज त्याची लाज वाटते, पण तेव्हा हंडा भरला यातच मी खूश होतो.

*

आम्ही घरून भाकरी बांधून न्यायचो आणि रांगेतल्या लोकांना दिसू नये म्हणून शेडमागच्या भिंतीआड खायचो. सांडलेल्या तुकड्यांवर कावळे जमायचे. नामदेवराव एकटे जायचे, सगळ्यांच्या शेवटी. परत यायचे ते तोंड पुसत, ढेकर देत. वहिनींना आम्ही कधी पाहिलं नव्हतं, त्या केंद्राकडं फिरकत नसत. पण नामदेवरावांच्या ढेकरेवरून वाटायचं, सुगरण असणार!

दिवाळीच्या सुमारास ते म्हणाले की घरची मंडळी माहेरी गेली, देवळीकडं. जरा हवापालट. तब्येत सुधारली की येतील.

मी म्हटलं, बरं झालं. नामदेवराव भिंतीआड गेले तसं सखूबाईनं मला हळूच सांगितलं, "बाबू, साहेबाच्या भाकरीले आता कावळे येत नाई."

*

आणि आता नाचणगावचा किस्सा.

पुलगावाला लागून नाचणगाव, देवळीहून पायी येण्यासारखं. तिथल्या केंद्राच्या माणसांना मुदतीचा ताप आला, म्हणून सिंदीचं केंद्र दुसऱ्यांवर सोपवून आठ दिवसांसाठी आम्हा तिघांना पाठवलं. नामदेवराव स्वतः ओगराळं घेऊन हंड्यापाशी बसले. मी कार्डांना, सखूबाई चुलीला. सखूबाईच्या तोंडाला काय कुलूप? नामदेवरावांच्या चार बायकांची गोष्ट तिनं पहिल्याच दिवशी अख्ख्या रांगेला ऐकवली. लोकांनाही तेवढीच करमणूक.

तिसऱ्या दिवशी एक बाई आली. पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ, म्हणजे लांबून चालत आलेली. पदर हनुवटीपर्यंत ओढलेला. गंज दोन्ही हातांनी पोटाशी घट्ट धरलेला, लेकरू धरावं तसा. माझ्यापाशी पोचेपर्यंत तिनं वर पाहिलं नाही. मग पाहिलं असावं, कारण ती एकदम थांबली. एक पाऊल मागं गेली, आणि पुन्हा पुढं आली.

खाणारी तोंडं किती, मी विचारलं. तिनं तीन बोटं दाखवली. नवऱ्याचं नाव? ती बोलेना. मी सवयीनं मागच्या बाईकडं पाहिलं. मागची म्हणाली, "आमच्या गावची नोहे जी. कोनाची आहे, काय माईत."

रांगेत सगळ्यांना विचारलं. तिला कोणीच ओळखत नव्हतं.

नामदेवराव हंड्यात बघत होते. मान वर न करता म्हणाले, "टाका माहं नाव, बाबू. पुढं येऊ द्या."

मी लिहिलं, नामदेव गणपत उमाटे. रांगेत खसखस पिकली. चुलीपासून सखूबाई ओरडली, "साहेब, हे पाचवी झाली!"

बाईनं गंज पुढं केला. नामदेवरावांनी एक ओगराळं वाढलं, दुसरं वाढलं, तिसरं वाढलं. गंज जड झाला आणि तिच्या हातातून कलला. तो सावरायला नामदेवरावांनी काठ धरला, तसा तो फिरला आणि पोटाकडची बाजू समोर आली. मी हातभर अंतरावर होतो. मलाही वाचता आलं. कार्डावर मी आत्ताच लिहिलं होतं तेच नाव.

ते गंजाकडं पाहत राहिले. बाई तशीच उभी होती.

"पाचवी नाई, सखूबाई," नामदेवराव म्हणाले. "पहिली."

रांग आणखीच हसली. त्यांनी ओगराळं पुन्हा हंड्यात बुडवलं आणि गंजात चौथं वाढलं.