आधी साडूभाऊ, मग लेकरं

अकोला शहरात घसरगुंडीवरून घसरलेला सगळ्यात वजनदार माणूस कोण, अशी निवडणूक घेतली तर माझे साडूभाऊ बिनविरोध निवडून येतील. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. जुन्या शहरात त्यांचं सरकी-ढेपेचं, म्हणजे जनावरांच्या खाद्याचं, दुकान. दुकानातल्या काट्यावर स्वतःला तोलून, "बारदाना सोडून क्विंटलच्या वर," असं ते अभिमानानं सांगत. बारदाना म्हणजे अंगावरचे कपडे. त्यांचं ठाम मत असं, की लेकरानं उघड्यावर खेळलंच पाहिजे, आणि लेकरू ज्यावर खेळणार त्यावर आधी आपण खेळून पाहिलं पाहिजे. पहिल्या अर्ध्या मताला कुणाचीच हरकत नव्हती. दुसऱ्या अर्ध्यानं मात्र आम्हा नातेवाइकांची चारचौघांत मान खाली घालायची सोय कायमची करून ठेवली होती.

लग्नानंतरच्या माझ्या पहिल्याच मुक्कामात त्यांनी मला बागेत नेलं. मला वाटलं, फिरायला. तर हा पांढऱ्या पायजमा-सदऱ्यातला गृहस्थ सरळ घसरगुंडीची शिडी चढू लागला. खाली लेकरांची रांग, लेकरांच्या आया आणि नवा जावई म्हणून कडक इस्त्रीत उभा असलेला मी. साडूभाऊ निम्म्यापर्यंत घसरले आणि अडकले. पत्र्यातून एक खिळा वर आला होता, तो त्यांना बसून सापडला. "सापडला," एवढंच ते म्हणाले. पायजमा फाटला होता आणि चेहऱ्यावर समाधान होतं. दगडानं तो खिळा ठोकून, फाटक्या पायजम्यानिशी पुन्हा एकदा घसरून, मग रांगेकडे वळून त्यांनी निकाल दिला, "चालते. बसा." त्यांची प्रत्येक तपासणी, त्यांच्या भाषेत चेकिंग, याच दोन शब्दांवर संपत असे. एका शाळेत ते नातवाचं नाव घालण्यासाठी गेले आणि मैदानातल्या लोखंडी दांडीला लोंबकळले, तेव्हा मात्र निकाल द्यायची वेळच आली नाही. दांडी सिमेंटच्या गोळ्यासकट उपटून आली. मुख्याध्यापक धावत आले. साडूभाऊ दांडी हातात घेऊन शांतपणे म्हणाले, "माह्यावर पडली म्हणून बरं. लेकरावर पडली असती तं?" नातवाला प्रवेश मिळाला, पण आजोबांना फाटकाच्या आत येऊ द्यायचं नाही या अटीवर.

ती वर्षं वऱ्हाडात दुष्काळाची होती. गावोगावची जनावरं बाजारात निघाली होती, त्यामुळे सरकीला गिऱ्हाईक नव्हतं आणि साडूभाऊंना रिकामा वेळ भरपूर होता. तशाच एका उन्हाळ्यात आम्ही अनूला घेऊन त्यांच्याकडे राहायला गेलो. अनू आमची मुलगी, तेव्हा सात वर्षांची. तिला ऑटिझम आहे. ती बोलते, पण बहुतेक दुसऱ्याचंच वाक्य जसंच्या तसं, त्याच सुरात. अंगाला कुणी हात लावलेला तिला खपत नाही. आणि दार उघडं दिसलं की ती सरळ चालू लागते. आम्ही राहायचो त्या अमरावतीत ती एकदा अशीच चालत गेली आणि भर रस्त्यात ट्रकसमोर सापडली. ट्रकवाल्यानं वेळेवर ब्रेक लावला म्हणून सापडली. त्या दिवसापासून आमच्या दाराला आतून साखळी आणि साखळीला कुलूप. जाळीच्या गॅलरीत ती पुढे-मागे डुलत उभी राही, आणि आपली पोर सुरक्षित आहे, असं म्हणत आम्ही दोघं जेवून घेत असू.

हे ऐकल्यावर धक्का बसायची पाळी पहिल्यांदाच साडूभाऊंची होती. हातातला घास त्यांनी ताटात ठेवला. "बाहेरच नाही काढत? कावून?"

"पळून जाते म्हणून," मी म्हणालो.

"अहो, पोत्यातल्या गव्हालेबी उन्हाळ्यात ऊन दाखवते माणूस. हे तं लेकरू हाय."

दुसऱ्या दिवसापासून ते घरात दिसेनासे झाले; सगळा वेळ दुकानामागच्या मोकळ्या प्लॉटमध्ये. चहूकडून पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांचा, उंच कूड घातला. आत येण्या-जाण्याला एकच फट. तिथल्या कडुनिंबाच्या फांदीला झोका बांधला. खालची जमीन मुरमाची, दगडासारखी. ती त्यांनी गुडघाभर खणली आणि गोदामात पडून असलेली सरकीची पोती फोडून त्या खड्ड्यात ओतली. माझी मेव्हणी कपाळाला हात लावून म्हणाली, "अवो, धंद्याचा माल हाय तो." साडूभाऊ म्हणाले, "लेकरू पडनारच. पडलं तं मऊ पडलं पायजे." मग सगळी गल्ली गोळा झालेली असताना ते स्वतः झोक्यावर बसले. निंब कुरकुरला, पाला गळाला, फांदी टिकली. "चालते. बसा."

मी नाही म्हणालो. माझी मुलगी उघड्यावर जाणार नाही आणि हा विषय माझ्यापुरता संपला, असं मी त्यांना जरा चढ्या आवाजातच ऐकवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाग आली तर दाराची कडी उघडी आणि अनूचं अंथरूण रिकामं. डोळ्यांपुढे तो ट्रकच आला. अनवाणी धावत प्लॉटपाशी पोहोचलो तर कुडाच्या फटीत आडवी खाट टाकलेली आणि खाटेवर डोळे मिटून साडूभाऊ. फट संपूर्ण भरलेली. कुडावरून टाचा उंचावून पाहिलं. अनू झोक्यावर होती. मी हाक मारणार तेवढ्यात तिचा हात सुटला आणि ती पडली, पाठीवर, सरकीत. मी ओरडलो. खाटेवरून चढून आत जायला पाहिलं, खालून शिरायला पाहिलं, कुडात हात घालून रक्त काढून घेतलं. आत जाता येईना. आणि मग आतून हसण्याचा आवाज आला. अनू सरकीत पाय खुपसून, मूठमूठ सरकी पोटावर ओतून घेत खदाखदा हसत होती. तिला असं हसताना मी तोवर पाहिलंच नव्हतं.

"तुम्ही झोपलात?" मी रागानं विचारलं.

"झोपतो कायले? चेकिंग करून राहिलो," साडूभाऊ डोळे उघडून म्हणाले. "बापाले आत शिरता येऊन नाही राहिलं, तं लेकराले बाहेर कसं जाता येईन?"

मी कुडाला धरून तिथंच खाली बसलो आणि लाज सोडून रडलो.

मी नोकरीवर परतलो, मायलेकी तिथंच राहिल्या. पावसाळा लागल्यावर पुन्हा गेलो तेव्हा नवा धक्का तयार होता. झोक्याखाली कापूस उगवला होता. सरकी म्हणजे कापसाचं बीच, आणि हे ध्यानात आलं नव्हतं कुणाच्या, तर जन्मभर सरकी विकणाऱ्या माणसाच्या. गल्लीतल्या बकऱ्या कूड फोडायच्या बेतात होत्या. आम्ही हसत होतो, तेवढ्यात हिवरखेडचं एक नेहमीचं गिऱ्हाईक ढेप न्यायला आलं आणि त्या हिरव्या दाट रोपांकडे पाहत उभं राहिलं. "आमचं दोनदा पेरलं, नाही निंगालं," तो माणूस म्हणाला. "अन हे झोक्याखाली." साडूभाऊंनी ढेपेचं पोतं स्वतः उचलून त्याच्या बैलबंडीत ठेवलं आणि ते दुकानात जाऊन बसले. पुढे खड्ड्यात चाळलेली वाळू आली. अनूला ती आधी पटेना, म्हणून तिच्या पायांपुरतं एक घमेलंभर सरकी झोक्याशेजारी कायम राहिली.

आम्ही दर सुट्टीत जात राहिलो. गल्लीतली लेकरं तिथंच खेळून मोठी झाली, त्यांची लेकरं येऊ लागली. गेल्या दिवाळीत गेलो तेव्हा खाट फटीतच होती, पण तिच्यावरचे साडूभाऊ साखरेच्या आजारानं अर्धे उरले होते. झोक्याला नवा दोर बांधलेला. लेकरं रांगेत उभी, पण कुणी बसेना. "आता माह्या वजनाचा भरोसा नाही राह्यला," ते मला म्हणाले. "मी बसलो तं काय कळते?"

अनू आता मोठी बाई आहे, अंगानं आईच्या माहेरच्या भरदार वळणावर गेलेली. तिनं चपला काढल्या, घमेल्यात पाय बुडवले, दोर ओढून पाहिला आणि झोक्यावर बसून दोन-तीन उंच हेलकावे घेतले. उतरली. रांगेकडे वळली आणि साडूभाऊंच्या सुरात, त्यांच्याच जुन्या भारदस्त आवाजात म्हणाली, "चालते. बसा."

लेकरं धावली. आजवर ती दुसऱ्या लेकरांशी आपणहून एक शब्द बोललेली नव्हती. साडूभाऊंनी दुपट्टा तोंडावर ओढला, पुसल्यासारखं केलं आणि घराकडे तोंड करून माझ्या मेव्हणीला हाक मारली, "आयकलं काय? पोरीले दोन पोया जास्त वाढत जाय. चेकिंग आता तिच्याकडं हाय."

मी त्यांच्या शेजारी खाटेवर बसलो. पूर्वी तिथं दुसऱ्या माणसाला जागाच उरत नसे.